तुमच्या घरी मुलगे कधी बोलतात? आमच्याकडे वाल सोलताना

अबोली_मुलुंड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मला दोन मुलगे. थोरला दहाचा, पाचवीत. धाकटा सहाचा, पहिलीत. मुलुंड पूर्वेला आम्ही पाच जण राहतो, सासूबाई धरून. माझं ऑफिस फोर्टला. सकाळी सव्वाआठची लोकल आणि घरात पाऊल टाकेपर्यंत साडेसात.

घरी आले की चपला काढता काढता मी विचारायचे, "आज शाळेत काय झालं?" उत्तर ठरलेलं. धाकटा म्हणायचा "काही नाही" आणि थोरला "ठीक". वह्या तपासल्या, डबा बघितला, गृहपाठ झाला, पण पोराचा दिवस कसा गेला ते काही कळायचं नाही. "मुलगी असती तर सगळं भडाभडा सांगितलं असतं," असं शेजारच्या काकू म्हणायच्या. मला ते कधीच पटलं नाही. पण ऐकून वाईट वाटायचं, हे खरं.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री सासूबाईंनी कडवे वाल भिजत घातले. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधले. थंडीमुळे मोड यायला वेळ लागला, रविवारी सकाळी फडकं सोडलं तेव्हा कुठे बोटभर मोड दिसले. कोमट पाण्याच्या टोपात घातले आणि आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून स्वयंपाकघरात खालीच बसलो. मोड आलेल्या वालांना एक उग्र वास असतो, त्या वासाने दोघं बाहेरून आत आली. "आम्ही पण?" म्हणाली आणि बसली.

ज्यांनी सोललेत त्यांना माहीत आहे. वालाचं एक टोक चिमटीत दाबायचं, की सालातून डाळिंबी सुळकन बाहेर येते. साल चिमटीत राहतं, दाणा ताटलीत. धाकट्याचा पहिला दाणा उडून थेट फ्रिजवर आपटला. मग त्याला युक्ती कळली, तळहाताचा आडोसा करायचा. थोरल्याने दहा मिनिटांत असा वेग धरला की सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

आणि मग मान खाली, नजर टोपात, तसाच तो म्हणाला, "आई, माझ्या बाकावर आता कोणी बसत नाही."

माझा हात थांबला. मी मान वर करणार, तेवढ्यात सासूबाईंनी ओल्या बोटांनी माझं मनगट दाबलं. सोलत राहा, असं. मी सोलत राहिले. फक्त "हं" म्हटलं.

तो वीस मिनिटं बोलला. त्याच्या बाकावरचा मित्र दिवाळीनंतर नाशिकला गेला, वडिलांची बदली झाली. मोठ्या सुट्टीत दोघं एकत्र डबा खायचे, एक याचा, एक त्याचा. आता एकट्याने घास उतरत नाही, म्हणून डबा तसाच परत येतो. दीड महिना मी त्या परत आलेल्या डब्यावरून त्याला बोलत होते! भाजी आवडत नाही, बाहेरचं खायची सवय लागली, काय काय म्हटलं. आणि तो गप्प ऐकून घेत होता.

त्या दुपारी मी त्याला जवळ घेतलं. पण "तू मला आधी का नाही सांगितलंस?" हे विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, समोर बसवून विचारलं की पोराला वाटतं आपली तपासणी चाललीय. हातात काम असलं की तोंड आपोआप सुटतं. त्यांनी तीन मुलगे वाढवलेत.

धाकट्याचं दुसरंच चाललेलं. टोपाच्या तळाशी काही दाणे टणक राहिले होते, ना भिजलेले ना मोड आलेले. "हे असे का?" म्हणाला. आजीने सांगितलं, "ते गणंग." तो शब्द त्याला इतका आवडला की सगळे गणंग वेचून, मोजून, रिकाम्या काडेपेटीत भरून ठेवले. अकरा निघाले. काडेपेटी उशाशी घेऊन झोपतो.

तर मला विचारायचंय, तुमच्याकडे मुलं कधी बोलतात? कुठे, काय करताना? आमच्यासारख्या दिवसभर बाहेर असणाऱ्या आयांना उपयोग होईल.

———

चाफा

अगं, अगदी अगदी! आमच्याकडे मटार. आत्ता जानेवारीत मटार स्वस्त असतात, दर रविवारी दोन किलो आणते आणि मुद्दाम सोललेले घेत नाही. माझा बारा वर्षांचा निम्मे खातो, तरी चालतं. गेल्या रविवारी मटार खात खात त्याने सांगितलं, की त्याला गणितात अपूर्णांक आले तेव्हापासून काहीच कळत नाहीये. हे त्याच्या शिकवणीच्या बाईंनाही माहीत नव्हतं.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

———

रानजाई

मनापासून लिहिलंयस, आवडलं. पण मला प्रश्न आहे. माझे जुळे आहेत, साडेचार वर्षांचे. बोलतात दिवसभर, दोघं एकदम, मोठ्याने. त्यांना एका जागी बसवून काम देणं मला तरी अजून जमलेलं नाही. आणि वाल, मटार असले दाणे तर मी त्यांच्या हातात देणारच नाही. गेल्या वर्षी एकाने शेंगदाणा नाकात घातला होता, रात्री दहाला डॉक्टरकडे पळालो होतो.

म्हणजे हे सगळं मोठ्या मुलांसाठी का? लहानांच्या आयांनी काय करायचं?

———

अबोली_मुलुंड

रानजाई, बरोबर आहे तुझं, साडेचारला दाणे नकोच. माझा धाकटा त्या वयाचा असताना मी त्याला कणकेचा गोळा द्यायचे. पोळ्या होईपर्यंत तो ओट्याखाली बसून साप करायचा, त्याचा परत गोळा, परत साप. शेवटी गोळा काळा पडायचा. पण तेवढा वेळ गोष्ट चालू असायची, साप कुठे चालला, कोणाला भेटला. त्या सापाला शाळेची भीती वाटते हे त्यानेच मला सांगितलं होतं. साप म्हणजे कोण ते मला समजलं.

———

चाफा

मेथी निवडायला दे त्यांना. पानं तोडायची, देठ वेगळे ठेवायचे. भाजीत देठ येतील, येऊ देत.

———

डबलडेकर

या धाग्यावर मी बहुधा पहिलाच बाबा. लिहू का?

मुलगा नऊ वर्षांचा. आईजवळ बोलतो, माझ्याशी कमी. मी सकाळी निघतो तेव्हा तो झोपलेला, परत येतो तेव्हा जेवत असतो. रविवार माझा आणि त्याचा, असं बायकोने तीन वर्षांपूर्वी ठरवून दिलं. सुरुवातीला मला कळेना, याच्याशी बोलायचं काय?

मग बसचा शोध लागला. सीएसएमटी ते एनसीपीए अशी ए-११५ दुमजली बस आहे, त्यात वरच्या मजल्यावर पुढची काच. तिथे दोघं शेजारी बसलो की दोघांची नजर रस्त्यावर. तो मला एकेक दाखवत जातो आणि मधेच स्वतःचं काहीतरी सांगतो. उतरलो की परत त्याच बसने मागे. पहिल्या दिवशी चार फेऱ्या केल्या.

जुन्या लाल दुमजली बसच्या शेवटच्या दिवशी, १५ सप्टेंबर २०२३ ला, मी त्याला मुद्दाम घेऊन गेलो होतो. बसला हार घातले होते, लोक फोटो काढत होते. माझे वडील मला त्याच बसमधून फिरवायचे, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही काय बोलायचात?" मला आठवेना. वडील फार बोलायचे नाहीत. पण खिडकीची जागा ते मलाच द्यायचे, ते सांगितलं. तेव्हापासून हा खिडकीची जागा एका फेरीला मला देतो.

एवढंच सांगायचं होतं. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसलेलं बरं, हे माझ्याही अनुभवात आलंय.

———

तळ्यातमळ्यात

बाबांचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

आमची वेळ सकाळी चहाची, आणि तीही पावसाळ्यातच. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला तलावांचं वेड आहे. पेपरात मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा येतो ना, सकाळी ६ वाजताच्या नोंदीचा, तो तक्ता तो कापून वहीत चिकटवतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. ही नावं त्याला झोपेत विचारलीत तरी सांगेल. २०२५ साली पाऊस २६ मे लाच मुंबईत आला, तेव्हा त्याची शाळाही सुरू झाली नव्हती. वही घेऊन खिडकीत बसून होता.

एकदा त्याने भागाकार केला. तुळशी पूर्ण भरला की ८,०४६ दशलक्ष लिटर, भातसा ७,१७,०३७. "आई, एका भातसात ८९ तुळशी मावतात!" त्या आनंदात मी त्याला दुसरा कप दूध दिलं आणि स्वतःला दुसरा चहा. दोघांना उशीर झाला. त्या जादा दहा मिनिटांत त्याने सांगितलं, की वर्गात त्याला "पाणीखातं" म्हणून चिडवतात. चिडवतात हे मला नवीन होतं. "तुला काय वाटतं मग?" विचारलं तर म्हणाला, "काही नाही, पाणी नाही आलं की मलाच विचारतात."

आता पावसाळा नाही म्हणून तक्त्यात रोज आकडा कमीच होत जातो. तरी तो चिकटवतोच. या दिवसांत आमचं बोलणं आंघोळीच्या पाण्यावरून निघतं. बादली अर्धीच भरायची असा त्याचा नियम, घरातल्या सगळ्यांना लागू.

———

रात्रपाळी

पहाटे तीनला, ड्युटीवरच्या मधल्या वेळात हा धागा वाचला. लिहू की नको असं झालं.

मी परिचारिका आहे. मुलगा आठ वर्षांचा. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने. आई सावंतवाडीला. रात्रपाळी असली की मुलगा शेजारच्या काकींकडे झोपतो. मी सकाळी घरी पोचते तेव्हा तो शाळेत गेलेला असतो. तो दुपारी येतो तेव्हा मी झोपेतून उठून जेवण गरम करत असते. तुम्ही सगळ्या रविवारी वाल, मटार, तलाव करताय, आणि मी विचार करतेय की माझ्या वाट्याला कुठली वेळ?

एकच आहे. डोक्याला तेल लावते. सुट्टीच्या दिवशी, माझी सुट्टी कधीही येते. तो पुढ्यात पाटावर, मी मागे खुर्चीवर. खोबरेल कोमट करून, बोटांच्या पेरांनी, कानामागून वर. तेव्हा त्याला माझं तोंड दिसत नाही, मला त्याचं दिसत नाही. मागच्या वेळी त्याने विचारलं, "तुझ्या हॉस्पिटलमध्ये रात्री कोणी रडतं का?" मी म्हटलं, रडतात कधीकधी. "मग तू काय करतेस?" मी म्हटलं, जवळ बसते. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकी पण बसतात. मला भीती वाटली तर."

त्याला भीती वाटते हे त्याने मला तसंच सांगितलं, असं आडून. मी तेल लावत राहिले. दोनदा लावलं.

हे आठवड्यातून एकदाच होतं, कधी दहा दिवसांनी. पुरतं का हो हे?

———

अबोली_मुलुंड

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी लोकलमध्ये वाचला, घाटकोपर ते दादर. उतरायचं नव्हतं म्हणून बरं, रडू आवरत नव्हतं.

पुरतं. माझ्याकडेही रविवारच आहे हो. वाल पण महिन्यातून दोनदाच होतात. माझ्या थोरल्याने दीड महिना मनात ठेवलेलं एका सकाळी सांगितलं, ते वेळ मोजून नाही. तुमच्या मुलाने तर तुम्हाला आधी विचारलं की तू काय करतेस. मग स्वतःचं सांगितलं. तुमच्यावर त्याचा केवढा विश्वास आहे!

आणि त्या काकींना माझा नमस्कार. अशी माणसं शेजारी आहेत म्हणून मुंबईत आपण नोकऱ्या करू शकतो.

———

चाफा

रात्रपाळी, पुरतं. शंभर वेळा पुरतं.

———

बिरडंवाली

धागा बोलण्याचा आहे हे कळतंय, पण वाल निघाले आणि कृती नाही असं कसं चालेल? आमच्याकडे याला बिरडं म्हणतात, डाळिंबी उसळ नाही. माहेरी नारळाचं दूध घालतात, सासरी नाही. अबोली, तुझ्याकडे काय पद्धत?

एक सांगते, मुलांना आवडायचं असेल तर गूळ आणि आमसूल यांचं माप सांभाळ. कडवटपणा गुळाने झाकायचा नाही, सोबत घ्यायचा. आणि डावाने ढवळायचं नाही, डाळिंब्या मोडतात. कढईच हलवायची. वर झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर वाफ. माझा मुलगा आठवीत आहे, झाकणातलं पाणी आटलं की नाही हे बघायचं काम त्याचं. दर दोन मिनिटांनी येऊन बघतो आणि उभ्या उभ्या काहीतरी सांगून जातो. मग आमच्याकडे बोलण्याची वेळ वाफेची म्हणायची.

———

अबोली_मुलुंड

आमच्याकडे मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ओवा थोडासा हातावर चोळून. कांदा नाही. गूळ, आमसूल, शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर. नारळाच्या दुधाचं एकदा करून बघते. झाकणातल्या पाण्याचं काम धाकट्याला देते, पण हात लावायचा नाही या बोलीवर.

———

जुना_शिवडीकर

मी आजोबा आहे, या धाग्यावर चालेल असं धरतो.

नातू सात वर्षांचा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी त्याला शिवडीच्या खाडीवर नेतो. नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो असतात, आपण रोहित म्हणतो ते. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखलावरचे पक्षी किनाऱ्याच्या बाजूला सरकत येतात. तेव्हाच जायला हवं. पाणी उतरलं की लांब जातात, नुसती गुलाबी रेघ दिसते. हल्ली मागे अटल सेतूही दिसतो, नातवाला पक्ष्यांइतकाच तोही आवडतो.

भरतीची वेळ काढायला मी त्याला पाऊणकी शिकवली. आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करावी लागत. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साधारण किती वाजता ते येतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे. कोळी लोक हेच वापरत आलेत. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. आता नातू कालनिर्णयमध्ये तिथी बघतो आणि मला सांगतो, आजोबा, साडेचारला निघायचं.

तिथे आम्ही बोलत नाही. मुलं कधी बोलतात हा प्रश्न चांगला आहे, पण गप्प बसण्याचीही एक संगत असते. तासभर दोघं दुर्बीण आलटून पालटून बघतो. परतीच्या वाटेवर शेंगदाण्याची पुडी घेतो. तेव्हा बोललाच तर बोलतो.

अबोली, तुमच्या धाकट्याला माझा निरोप द्या. गणंग मेलेले नसतात. त्यांचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही, म्हणून भिजत नाहीत. दाण्याची एक बाजू खरखरीत दगडावर हलकेच घासायची, साल थोडंसं झिजेल इतपत, आत लागू द्यायचं नाही. मग रात्रभर भिजवा. फुगले तर लावा. मी शेतीच्या गावचा आहे, हे लहानपणी केलेलं आहे.

———

डबलडेकर

आजोबा, पाऊणकी वहीत उतरवून घेतली. उद्या मुलाला बसमध्ये.

———

रानजाई

परत आले, सांगायला. मेथी चालली नाही. कणीकही चालली नाही, दोघांनी एकमेकांच्या केसांना लावली. पण काल दोघांना राणीच्या बागेत नेलं. आम्ही चौघं, कुटुंबाचं तिकीट १०० रुपये. बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा, एकदा फेरी फुकट गेली आहे आमची.

पेंग्विन बघितले. दोघं काचेला नाक लावून इतकी शांत उभी राहिली की मला त्यांच्याकडेच बघत राहावंसं वाटलं. पण मला सांगायचंय ते दुसरंच. बाजूला भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे ना, त्याच्या आवारात काळ्या दगडाचा मोठा हत्ती आहे. घारापुरीच्या बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलायचा प्रयत्न केला तेव्हा तुटून तुकडे झाले. पुढे तुकडे जोडून तो इथे उभा केला. नवऱ्याने मुलांना सोप्या भाषेत सांगितलं.

जुळ्यांतला धाकटा, चार मिनिटांनी लहान, तो हत्तीच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "तुटला तेव्हा त्याची आई कुठे होती?" मी म्हटलं, "बेटावर." तो म्हणाला, "मग तिला सांगा, जोडला म्हणून."

रात्री झोपताना परत विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, हो, सांगितलं. मग झोपला.

अबोली, माझा प्रश्न मी मागे घेते.

———

तळ्यातमळ्यात

रानजाई… "तिला सांगा, जोडला म्हणून." आज दिवसभर हेच डोक्यात राहणार.

———

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. काल माझी सुट्टी होती. वाल आणले, अर्धा किलो, पहिल्यांदाच. आईला फोन लावून विचारत विचारत मोड आणले. काकींनाही बोलावलं. आम्ही तिघं सोलायला बसलो. मुलगा काकींना शिकवत होता, टोक कुठलं दाबायचं. काकी गुजराती आहेत, त्या वालाची वेगळीच भाजी करतात म्हणाल्या. तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता. फार काही बोलला नाही. गुणगुणत होता.

———

अबोली_मुलुंड

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. बऱ्याच जणींनी गणंगांचं विचारलं म्हणून.

शिवडीकर आजोबांचा निरोप मी धाकट्याला वाचून दाखवला. त्याने तो दोनदा वाचायला लावला. सासूबाईंच्या सहाणेला हात लावायची परवानगी नाही, म्हणून थोरल्याने खालून फरशीचा एक तुकडा आणून दिला. दोघं बाल्कनीत बसून अकरा दाणे घासत होते. थोरला घासायचा, धाकटा बोट लावून बघायचा, "पुरे, पुरे." दोन दाणे जास्त घासले गेले, दुसऱ्या दिवशी त्यांचा लगदा झाला. त्या दोघांसाठी धाकटा रडला. पाच तसेच्या तसे टणक राहिले, ते परत काडेपेटीत गेले. चार फुगले.

चारही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावले, खिडकीच्या ग्रिलमध्ये. चौथ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते आणि आतून ओरडा ऐकू आला. मला वाटलं कोणी पडलं. दोन दाण्यांनी मान वर काढली होती, टोपी घातल्यासारखं साल अजून डोक्यावर. त्या दिवशी सव्वाआठची लोकल गेली. साडेआठची घेतली.

आता थोरल्याचं. मी बाकाबद्दल काही विचारलं नाही. शाळेत जाऊन बाईंना भेटावं का हे मनात खूप वेळा आलं. सासूबाई म्हणाल्या, थोडं थांब. मागच्या सोमवारी सकाळी तो म्हणाला, "डब्यात डाळिंब्या दे. जास्त दे." कशाला ते सांगितलं नाही. मोठा डबा भरून दिला, दोन पोळ्या जादा. संध्याकाळी डबा रिकामा होता. मी तो घासायला घेतला आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. तो ओट्याला टेकून उभा होता.

"मागच्या बाकावरच्याने खाल्ल्या," म्हणाला. "त्याला वाटलं मटार आहेत. मी सांगितलं, वाल. सोलतात कसे ते पण सांगितलं."

"हं," मी म्हटलं.

"तो म्हणाला, खोटं बोलतोस. असं उडत नाहीत." मग थोड्या वेळाने, "रविवारी त्याला बोलवू का?"

चारांपैकी दोन वेल टिकलेत. आज एकाला तिसरं पान आलं. थोरल्याने सुतळी बांधून दिलीय, ग्रिलच्या दुसऱ्या गजापर्यंत. शुक्रवारी रात्री वाल भिजत घालतेय. या वेळी किलोभर.